बसायचा पैरा

"आवं वहिनी, कापाय न्हाई, बांधाय न्हाई. नुसतं बसाय या म्हन्ते मी."

"बसायचा पैरा कुठं आसतोय व्हय गं मालन?"

"आसत न्हवता. आता हाय. शिमग्यात तुमची हळद शिजवाय आलेले का न्हाई मी? का चुलवानाचा धूर ग्वाड लागला म्हून आलेले? तेवढं फेडा, झालं."

"मी येतो की. येत न्हाई म्हटलो व्हय? पर वर बघ तर, आभाळ कसलं आलंय. सोयाबीन वाळून खुळखुळा झालंय. दोन सरी पडल्या की शेंगंतच कोंब."

चंदनबाला वहिनी जैनांच्या. आष्ट्याकडच्या त्यांच्या घरांत बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वहिनी बांधाच्या पलीकडं, मालन अलीकडं. वहिनींच्या हातात विळा आणि मालनच्या बोटावर मिश्री. मालनचं बोट असं घडीघडी मिश्रीच्या डबीत जायला लागलं की समजायचं, बाईला कसलातरी घोर लागलाय.

"किती वाजता म्हटलीस?"

"अकराला. परवा, दोन तारखंला. शाळंच्या पटांगनात. घरातलं एक मानूस आलं म्हंजी झालं."

हे शेवटचं वाक्य ती दारोदार बोलत फिरली. त्यानंच पुढं घात केला, पण ते त्या वेळी तिच्याही ध्यानात आलं नाही, ऐकणाऱ्यांच्याही नाही.

पैरा म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. आज तुमच्या वावरात आमचं माणूस, उद्या आमच्या वावरात तुमचं. मजुरी नाही, लिखापढी नाही. दहा-वीस गुंठेवाल्याची सुगी ह्याच्यावरच पार पडते. असा उन्हाळ्यापासून साठवलेला पैरा ऐन सुगीत ग्रामसभेला बसण्यात घालवायचा, म्हणजे बेण्याचा ऊस गुऱ्हाळाला घालण्यातली गत. मालन स्वतः ते करत होती आणि तिच्या टोळीतल्या वीस-बावीस बायकांनाही करायला लावत होती.

मालन माहेरची कराडकडची. डोणवाडीला नांदायला आली तेव्हा नवरा सिद्धू ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर होता. एका गळिताला ट्रॉली उलटली आणि तो कमरेतनं गेला. तेव्हापासून शेळ्या राखतो आणि तोंड चालवतो. मालननं खुरपं उचललं. आधी दुसऱ्याच्या टोळीत गेली, मग स्वतःची टोळी केली. दिवस उगवायला चावडीच्या कट्ट्यावर उभी राहून ती हाळी घालायची, तशा बायका भाकरी बांधून बाहेर पडायच्या. भांगलताना, म्हणजे तण खुरपताना, एकेकीनं एकेक पात, म्हणजे आपापला पट्टा धरायची, आणि मालनची पात कायम सगळ्यांच्या पुढं. मागं राहिलेलीला ती शिव्या द्यायची, आणि आपली पात संपली की परत फिरून तिचीच पात अर्धी करून द्यायची. बायका म्हणायच्या, हिच्या शिव्या परवडल्या.

मग तणनाशक आलं. म्हणजे होतंच, पण सगळ्यांनी एकदमच धरलं. एक गडी पाठीवर पंप अडकवतो आणि टोळीचं दिवसाचं काम न्याहारीच्या आत मारून मोकळा होतो. त्यात उसाच्या सरीत तण जळतं आणि बाईची मजुरीही जळते. दोन सालांत टोळीचं काम निम्म्यावर आलं. बायका घरी बसायला लागल्या. दोघी-तिघी साताऱ्याला एमआयडीसीत नातलगाकडं राहून पॅकिंगला गेल्या. मालन कट्ट्यावर उभी राहायची, पण हाळी घालायला काम नसायचं. तशीच थोडा वेळ उभी राहून घरी यायची.

आष्ट्याला एका रोपवाटिकेत आठ दिवस कामाला गेली, तिथं तिला वाट दिसली. एका डोळ्याची उसाची कांडी ट्रेमध्ये लावायची, पाणी सांभाळायचं, महिनाभरात रोप. शेतकरी गाडी घेऊन दारात. काम सगळं बायकांच्या हातचं. फक्त जागा पाहिजे आणि जागेला पाणी पाहिजे. डोणवाडीच्या ओढ्याकाठी पंचायतीची पड, म्हणजे पडीक जमीन आहे, अर्ध्या एकराच्या आसपास. तिथं जुनी विहीर आहे, बारमाही पाण्याची. बाभळी वाढलेल्या. मालननं टोळीचा गट करून अर्ज दिला. कुणाच्या दारात उभं राहून मदत मागायची नव्हती. गावाची जागा गावातल्याच बायकांना कसायला द्या, एवढंच म्हणणं होतं.

त्याच जागेवर भाऊसोंचा डोळा. भाऊसो म्हणजे सरपंच शिवांजलीचे सासरे. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं म्हणून सून खुर्चीवर बसली आणि बोलणं सासऱ्याकडं राहिलं. भाऊसोंना तिथं मंगल कार्यालय पाहिजे होतं. कराडचा एक ठेकेदार बांधायला तयार होता. ते काही स्वतःच्या घशात घालत होते असं नाही. "गावच्या लेकीबाळींची लग्नं आमी किती दिस आष्ट्याला जाऊन करायची?" असं ते म्हणायचे, आणि हे टोळीतल्या बायकांनाही पटायचं. मालनलाही पटायचं. तिचं म्हणणं एवढंच, की लग्न एक दिवसाचं असतं आणि खायचं रोज असतं.

पंधरा ऑगस्टच्या सभेला मालन पाच-सात बायका घेऊन गेली होती. शंभर माणसं भरली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. पुढची सभा कधी झाली, कळलंही नाही. आठ माणसांत दोन विषय मंजूर झाले. मालननं ग्रामसेवकाला विचारलं, "आवं सायेब, तवा मानसं कमी म्हून मोडली, आन मग आठ जनांत कशी झाली?" तो सरळ माणूस होता. म्हणाला, "मावशी, पहिल्या सभेला शंभर सह्या लागतात. तहकूब झालेल्या सभेला आकडा लागत नाही."

मालन शंभराचा आकडा घोळवत घरी आली. त्या दिवसापासून तिची भाकरी निम्मी झाली. पडीचा विषय दोन ऑक्टोबरला होता. त्या दिवशी शंभर सह्या झाल्या नाहीत तर जागा गेली, हे तिला पक्कं कळलं होतं. एरवी सभेला चाळीसेक माणसं यायची. सुगीत विळा टाकून साठ माणसं सभेला आणायची कुठनं? सभेला या म्हटल्यावर माणूस 'बघू' म्हणतं. पैऱ्याला या म्हटल्यावर मात्र यावंच लागतं. न येणाऱ्याच्या वावरात पुढच्या साली कुणी पाय ठेवत नाही. असा तिनं हिशोब बांधला.

दोन तारखेला सकाळी सिद्धू म्हणाला, "भाकरी खा."

"उतरत न्हाई."

"सभा हाय का बाळतपन?"

"बाळतपनात कळा कवातरी थांबनार ह्ये ठावं तरी आस्तंय." तिनं भाकरी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली. दारातनं आभाळ दिसत होतं, खालच्या अंगाला काळं झालेलं. तिचं स्वतःचं दहा गुंठे सोयाबीन उभंच होतं. शेंगा तडकायला लागल्या होत्या. काल संध्याकाळी ती नुसती बांधावरनं बघून आली होती.

"आपलं कोन काडनार?" सिद्धूनं विचारलं. "पैरा तर समदा उधळलास."

"तुमी काडा."

"माझी कंबर..."

"मग गप बसा."

पटांगणात मांडव घातला होता. टेबलावर गांधीबाबाचा फोटो, हार, आणि बाजूला सह्यांचं रजिस्टर घेऊन पंचायतीचा शिपाई नाथाजी. भाऊसो पुढच्या खुर्चीवर. शिवांजली मधल्या खुर्चीवर, पदर सारखा सारखा सावरत. पुरुष मंडळी चाळीसच्या आतच. टोळीतल्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. त्यातली राहीबाई तेवढी दिसत नव्हती. मालन फाटकात उभी राहिली. रस्त्यावर कुणी नाही. मग शाळेच्या कोपऱ्यावरनं दोघी दिसल्या. त्यांच्यामागं चौघी. मग रांगच लागली. मालनच्या छातीवरची धोंड जरा हलली. ती मनातल्या मनात मोजत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती.

पहिलीनं टेबलाशी जाऊन पेन उचललं.

"नाव?" नाथाजी.

"चंदना."

"वय?"

"सतरा."

नाथाजीनं ग्रामसेवकाकडं पाहिलं. ग्रामसेवकानं मान हलवली. "बाळ, तुझं मतदार यादीत नाव नाही. सही चालत नाही."

"पर मला काकूनं धाडलंय. पैऱ्याला."

काकू म्हणजे चंदनबाला वहिनी. मालन टेबलाजवळ आली. तिनं रांगेकडं आत्ता नीट बघितलं. सुट्टीमुळं घरी असलेल्या शाळेच्या पोरी. म्हाळासाठी माहेरी आलेल्या लेकी, ज्यांची मतं कराडला, इस्लामपूरला. एक तर कुणाचीतरी मावससासू. आणि रांगेच्या शेवटाला इस्त्रीच्या शर्टात, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत, एक तरणाबांड गडी.

"तुमी कोन आवं?"

"मी जयराज. राहीबाईंचा जावई. साताऱ्याला असतो."

"आन तुमी का आला?"

"आत्ती म्हटल्या, बसायचंच काम आहे, सावलीत आहे, तुम्ही जाऊन या."

मांडवात हसू फुटलं. भाऊसोही हसले. "मालन, जावयाला पैऱ्याला धाडल्यालं आमच्या बापजन्मात ऐकलं न्हाई बग."

मालनला हसू आलं नाही. चूक कुणाची ते तिला कळलं होतं. पैऱ्याला नाव घेऊन बोलवायची रीतच नाही. घरातलं एक माणूस मागायचं, आणि घरानं आपल्या सोयीचं माणूस द्यायचं. आभाळ भरलेलं, सोयाबीन उभं. मग कापणारे हात घरानं वावरात ठेवले आणि बसायला बसणारी माणसं पाठवली. तिनं जे मागितलं तेच त्यांनी दिलं होतं.

"सह्या किती?" भाऊसोंनी विचारलं.

नाथाजीनं मोजल्या. "एकसष्ट."

भाऊसोंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "आर्धा तास थांबू. कायद्यानं थांबू. मग तहकूब."

मालननं एकदा रांगेकडं, एकदा रजिस्टरकडं बघितलं. तिनं कमरेची मिश्रीची डबी चाचपली, आणि तशीच सोडून दिली. मग ती फाटकाच्या दगडावर चढली आणि कट्ट्यावर घालायची तसली हाळी घातली. कितीतरी दिवसांत गावानं ती ऐकली नव्हती.

"ए पोरींनो, हिकडं बगा. चंदना, तुजी काकू कुटं हाय?"

"ओढ्याकडच्या तुकड्यात."

"पळत जा. तिच्या हातातला विळा तू घे आन तिला हिकडं धाड. म्हनावं, मानूस बदललंय, पैरा त्योच हाय. समद्या जनी जावा. ज्याच्या त्याच्या वावरात जावा. आईचा विळा घ्या, सासूचा विळा घ्या, आन यादीतलं मानूस हिकडं धाडा. चला, उचला पाय."

पोरी पळाल्या. माहेरवाशिणी साड्यांचे काठ धरून निघाल्या. जावई तिथंच उभा.

"पावनं, गाडी हाय न्हवं?"

"आहे, पण मी..."

"मळ्यातली वस्ती लांब हाय. दोगी-दोगी बसवून आना. पयल्या खेपंला तुमच्या आत्तीलाच आना. सावलीत बसायची लय हौस हाय तिला."

मग मांडवात नुसतं थांबणं राहिलं. मालन फाटकातनं मांडवात, मांडवातनं फाटकात. दोन पुरुष उठून चहाला गेले, तशी ती त्यांच्या मागं गेली. "आवं आण्णा, सई केलीया न्हवं? मग बसा की. च्या मी आनते." तिच्या पायातली एक चप्पल कुठंतरी राहिली होती, ते तिला माहीत नव्हतं. रस्त्यावर कुणीच दिसत नव्हतं. पोरी वावरात पोचल्या असतील का? का आईच म्हणेल, गप काप, पाऊस येतोय? वारा सुटला होता. मांडवाचं कापड फडफडायला लागलं, आणि मालनला वाटलं, आता एक थेंब पडला तरी संपलं. बायका वावर सोडायच्या नाहीत आणि आलेले पुरुषही घर गाठतील.

भाऊसोंनी पुन्हा घड्याळ बघितलं. "सूनबाई, झालं बग. तहकूब म्हना."

शिवांजलीनं पुढ्यातलं इतिवृत्त उघडलं. "कोरम होईस्तोवर मागच्या सभेचं वाचून काढू," ती म्हणाली.

"त्ये वाचलं आसं समजायचं आस्तंय. कोन वाचतंय?"

"मामंजी, वाचू द्या. बी.ए. झालीया मी."

एवढं बोलून ती वाचायला लागली. हळू, एकेक शब्द. मधेच थांबायची, ओळ हुकली म्हणून परत मागनं धरायची. दिवाबत्तीचा विषय, गटाराचा विषय, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, सगळं. तिला खरंच अडखळत होतं, का ती मुद्दाम लांबवत होती, ते कुणाला कळलं नाही. भाऊसोंनी एकदा खाकरून पाहिलं. चारचौघांत सुनेच्या हातनं कागद ओढायचा, हे त्यांच्यानं झालं नाही.

मोटारसायकलचा आवाज आला. मागं राहीबाई, आणि तिच्या मागं आणखी एक, दोघींच्या पायाला गुडघ्यापर्यंत धुरळा. राहीबाई उतरता उतरताच म्हणाली, "मालन, जावयाच्या गाडीवर बसाय लावलंस गं मला. गाव काय म्हनंल?"

"गाव सभंत हाय. तिकडं जाऊन सई कर."

जावई फिरला. पायी येणाऱ्याही दिसायला लागल्या. डोक्याला फडकं, कमरेला खोचलेला ओचा, कुणाच्या हातात विळा तसाच. चंदनबाला वहिनी धापा टाकत आल्या. "ती पोरगी माझं सोयाबीन कापंना झालीया, नुसतं उपटालीया," म्हणत त्यांनी सही केली. विळे शाळेच्या पायरीवर ठेवायला लावले होते. एकेक ठेवताना खण्ण आवाज व्हायचा आणि शिवांजली तेवढी थांबायची. काहींनी अंगठे दिले. बोटाला शाईआधी माती होती. नाथाजीनं पाण्याचा तांब्याच पुढं ठेवला.

ग्रामसेवकानं मोजलं. मग परत मोजलं. मालन त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

"एकशे सात," तो म्हणाला. "कोरम झाला."

मालन पायरीवर विळ्यांशेजारी टेकली. पण विषय निघाला तशी पुन्हा उठली. तिनं फार काही सांगितलं नाही. भांगलण गेली, रोपांना मागणी आहे, विहिरीला पाणी आहे, बाभळी आमी तोडतो. बोलताना तिचा आवाज चिरकत होता. भाऊसो मंगल कार्यालयावर चांगलं बोलले, मालनपेक्षा चांगलं. हात वर झाले. टोळीतल्या काहींचे हात मंगल कार्यालयाला गेले. त्यात राहीबाईचाही होता. तिच्या धाकटीचं ठरत होतं. मालननं बघितलं. राहीबाईनंही तिनं बघितलेलं बघितलं, पण हात खाली घेतला नाही.

तरी जागा बायकांच्या गटाकडं आली. तीन सालांसाठी. भाऊसोंनी उभं राहून एक अट घातली, की वर्षाच्या आत रोप दिसलं नाही तर जागा परत. सभेनं तीही मंजूर केली.

"सायेब, ल्हिलं?"

"लिहिलं, मावशी."

"वाचा बगू."

ग्रामसेवकानं ठराव वाचला. तिनं परत वाचायला लावला. "वर्षाच्या आत" ह्या शब्दांशी तिनं खालचा ओठ दातात धरला. बाभळी, मोटर, ट्रे, बेणं, आणि हात वर न केलेल्या बायकांनाही बरोबर घ्यायचं. एका पोटदुखीतनं सुटली आणि दुसरी बारा महिन्यांची लागली, असं तिचं तोंड झालं होतं.

बायका लगबगीनं विळे उचलून पांगल्या. कुणी थांबलं नाही. आभाळच थांबू देत नव्हतं. मालनला एक चप्पल सापडेना, तशी दुसरीही हातात घेऊन ती अनवाणीच वावराकडं निघाली. फाटकात राहीबाई आडवी आली.

"रागावलीस व्हय?"

"सांजच्याला बाभळी बघाय जायाचंय ओढ्याला. कुराड घिऊन ये."

"येते की."

वावरात सिद्धू बांधावर बसून होता. त्यानं कशीबशी दोन हात जागा कापली होती आणि आता कमरेला हात लावून कण्हत होता. मालनची भाकरी त्यानं आठवणीनं आणली होती. तिनं अर्धी उभ्या उभ्याच खाल्ली.

वाटेनं चंदनबाला वहिनी चालल्या होत्या. थांबल्या. "मालन, आमचं आज आवरंल. उद्या येतो मी तुझ्याकडं."

"कशाला? फिटलाय तुमचा पैरा."

"फिटला तर नवा धर. पुढं ट्रे भराय मीच लागंन तुला."

"तिथं बसाय गावायचं न्हाई. उभ्यानं काम हाय."

"तुझ्यात बसाय कवा गावलंय?" म्हणत वहिनी गेल्या.

वरनं एक थेंब मालनच्या मनगटावर पडला. दुसरा पडतो का, म्हणून ती जराशी थांबली. पडला नाही. तिनं ओचा खोचला, विळा घेतला आणि बांधाकडची पात धरली.